टेटो नेमके कोणाचे?

आयर्लंडमध्ये ‘टेटो’ हे बटाट्याचे वेफर्स कोणाचे, असे कोणालाही विचारले तर ‘आमचे’ हे उत्तर विचार करण्याआधीच तोंडातून बाहेर पडते. कागदोपत्री पाहू गेल्यास मात्र हे ‘आमचे’पण फारसे टिकत नाही. १९५४ साली डब्लिनमध्ये सुरू झालेल्या या कंपनीतला मोठा वाटा अवघ्या दहा वर्षांत, म्हणजे १९६४ साली, शिकागोच्या बीट्रिस फूड्स या अमेरिकन कंपनीने विकत घेतला. पुढे मालकी बदलत बदलत आज ती जर्मनीच्या इंटरस्नॅक या उद्योगसमूहाकडे आहे. त्यात आणखी एक गुंतागुंत अशी की, याच नावाने याच प्रकारचे वेफर्स विकणारी दुसरी कंपनी उत्तर आयर्लंडमध्ये आहे आणि तिचा डब्लिनच्या कंपनीशी मालकीचा काहीही संबंध नाही. सुमारे ७० लाख वस्तीच्या बेटावर एकाच नावाचे दोन ब्रँड, आणि दोन्हींचे ग्राहक आपलेच खरे मानणारे. नोकरीनिमित्त डब्लिनमध्ये राहू लागल्यापासून या प्रकाराने मला जितके गुंतवून ठेवले आहे तितके इथल्या राजकारणानेही ठेवलेले नाही, आणि वेफर्सवर इतके बोलावे का, ही शंकाही आता मनात येत नाही.

सुरुवात मूर स्ट्रीटजवळच्या ओ’राहिली परेड या गल्लीतून करावी लागते. मूर स्ट्रीट म्हणजे डब्लिनच्या मध्यवस्तीतला भाजी, फळे आणि मासे विकणाऱ्या बायकांचा जुना बाजार. १९१६ च्या ईस्टर उठावातले एक नेते, द ओ’राहिली, याच भागातल्या एका बोळात गोळ्या लागून पडले आणि मरण्यापूर्वी त्यांनी बायकोला चिठ्ठी लिहिली. त्या बोळालाच पुढे त्यांचे नाव मिळाले. अशा जागेत जो मर्फी या तिशीतल्या व्यापाऱ्याने दोन खोल्या भाड्याने घेऊन, ५०० पौंडांचे कर्ज, एक गाडी आणि आठ कामगार एवढ्या भांडवलावर वेफर्सचा कारखाना थाटला. मर्फी काही आचारी नव्हता. रायबेना हे ब्लॅककरंट या लहान, काळ्या, आंबट फळांचे इंग्लिश सरबत आयर्लंडमध्ये आणून विकण्यावर त्याने आधी पैसे कमावले होते. बाहेरून येणारी वस्तू आपल्याकडे करता येईल का, हे पाहण्याची नजर त्याला त्या व्यापारातून आली असावी. टेटो हे नाव म्हणे त्याच्या लहान मुलाला ‘पोटॅटो’ म्हणता येत नसे म्हणून पडले, आणि त्याला स्वतःला लोक ‘स्पड’, म्हणजे बटाटा, मर्फी म्हणू लागले.

त्या काळी वेफर्सना चव म्हणजे मीठ, आणि तेही पाकिटात वेगळे. इंग्लंडच्या स्मिथ्स कंपनीच्या पाकिटात निळ्या कागदाची एक छोटी पुरचुंडी असे. ती शोधून, सोडून, मीठ आपल्या हाताने भुरभुरवायचे आणि पाकीट हलवायचे. मर्फीला हे बेचव वाटे. त्याच्याकडे काम करणाऱ्या शेमस बर्क याने टेबलावर बसून निरनिराळ्या भुकट्यांचे प्रयोग केले आणि त्यातून चीज आणि कांदा ही चव ठरली. कारखान्यातच चव लावून विकलेले जगातले पहिले वेफर्स हेच, असा मान सर्वसाधारणपणे टेटोला दिला जातो.

आज ही गोष्ट क्षुल्लक वाटते, कारण चव लावलेले वेफर्स नसलेले दुकान आपल्याला आठवतच नाही. पण भुकटी वेफरवर टिकवणे हे काम वाटते तितके सरळ नाही. बटाट्याचा सव्वा-दीड मिलिमीटर जाडीचा काप धुऊन त्यावरचा पिठूळपणा काढावा लागतो, नाहीतर काप एकमेकांना चिकटतात. मग सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअसच्या तेलात तो इतका तळायचा की त्यातले पाणी जवळपास संपून जेमतेम दोन टक्के उरावे. बटाट्यात साखर जास्त असेल तर काप पिवळा होण्याऐवजी तपकिरी आणि कडवट होतो, म्हणून वेफर्सचा बटाटा फार थंड गोदामात ठेवत नाहीत, कारण थंडीत बटाट्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. चार किलो बटाट्यांतून साधारण एक किलो वेफर्स निघतात. आणि खरी गोम पुढे आहे: तळणीतून काढलेल्या कापावर तेलाचा जो अगदी पातळ थर असतो तो गरम असेपर्यंतच भुकटी त्याला धरते. काप थंड झाला की भुकटी घसरते, पाकिटाच्या तळाशी जमते, आणि वरचे वेफर्स अळणी तर तळचा चुरा खारट, अशी तक्रार सुरू होते. म्हणजे चव लावणे हे जितके पाककलेचे काम आहे तितकेच वेळ साधण्याचे.

पहिल्या यशाचे श्रेय मात्र केवळ चवीला देणे मला पटत नाही. १९५० च्या दशकातला आयर्लंड हा आयातीवर जबर जकात लावणारा, गरीब आणि माणसे गमावणारा देश होता. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत सुमारे ४ लाख माणसे देश सोडून गेली आणि १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या २८ लाखांवर येऊन ठेपली. अशा देशात कोणी स्थानिक माणूस काहीतरी नवे करतो, आणि ती वस्तू इंग्लंडहून आलेल्या वस्तूपेक्षा चांगली निघते, याचे अप्रूप चवीपेक्षा मोठे असणार. कारखाना काही वर्षांतच मूर स्ट्रीटहून रॅथमाइन्सला, मग हॅरॉल्ड्स क्रॉसला आणि १९६८ साली शहराच्या उत्तरेकडच्या कूलॉक या नव्या वस्तीत गेला. त्या भागांतल्या अनेक घरांतून कोणी ना कोणी टेटोच्या कारखान्यात कामाला असे, आणि ज्या वस्तूच्या पाकिटात आपल्या बहिणीची किंवा शेजारणीची मजुरी आहे तिच्याबद्दल ‘आमचे’ म्हणताना मालकाचे नाव कोण विचारतो?

इथे एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. आयर्लंड आणि बटाटा हे दोन शब्द शेजारी आले की बाहेरचा माणूस लगेच १८४५ च्या दुष्काळाकडे वळतो. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली, हे खरे. पण टेटोवरचे प्रेम त्या दुःखाच्या तळातून उगवले आहे, असे कोणी लिहिले की मला ती ओढाताण वाटते. १९५४ सालच्या डब्लिनमधल्या घरांत बटाटा रोज उकडला जात होता. त्याचे कौतुक कोणालाच नव्हते. वेफर्सचे पाकीट हे त्याच बटाट्याचे असे एकमेव रूप होते जे आईला घरी करता येत नव्हते. ते चकचकीत होते, कारखान्यातून आले होते, त्याला परदेशी चीजचा वास होता. लोकांना त्यातून जुने काही आठवत नव्हते. उलट आपण नव्या जगात आलो असे वाटत होते. आठवणींचा लेप त्यावर नंतर चढला, आणि तो चढवला देश सोडून गेलेल्यांनी.

लंडन, बॉस्टन किंवा सिडनीला गेलेल्या आयरिश माणसाला घरून काय हवे, याच्या यादीत चहा, सॉसेज आणि टेटो हे तीन पदार्थ हमखास सापडतात. यांतले टेटो पाठवणे सर्वांत गैरसोयीचे, कारण वजन काही नाही आणि जागा मात्र भरपूर. टपालाच्या खोक्यात बारा पाकिटे ठेवली की दुसरे काही मावत नाही. बॅगेत न्यायचे तर कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून न्यावे लागतात, आणि विमान वर गेले की हवेचा दाब कमी झाल्याने पाकिटे टम्म फुगतात. इतका खटाटोप करून पोहोचलेले पाकीट तिथे गेल्यावर केवळ खाऊ राहत नाही. माझ्या ओळखीच्या एका आयरिश बाईंनी न्यू यॉर्कमध्ये काढलेल्या वर्षांबद्दल सांगताना म्हटले होते, ‘तिथे वेफर्सचे शंभर प्रकार होते हो, पण त्यांतला एकही वेफर्ससारखा लागत नव्हता.’ लहानपणी ज्याची चव पहिल्यांदा लागली तेच त्या पदार्थाचे माप होऊन बसते, आणि इतर सगळे त्या मापाने कमी-जास्त भरतात. टेटो आयरिश झाले ते डब्लिनमध्ये नव्हे, असे म्हणण्याचा मोह मला इथे होतो. डब्लिनमध्ये ते फक्त वेफर्स होते.

अर्थात देशात राहिलेल्यांनीही त्याला आपले वळण दिलेच. पबमध्ये टेटो खाण्याची एक रीत आहे, आणि ती कोणी शिकवत नाही. पाकीट वरून उघडायचे नाही. ते पालथे करून पाठीमागचा जोड बोटांनी उलगडायचा, तळही फाडायचा, आणि संपूर्ण पाकीट आतली चंदेरी बाजू वर करून टेबलाच्या मध्यावर, बिअरच्या पेल्यांच्या मधोमध पसरायचे. आता ते ज्याने विकत घेतले त्याचे उरत नाही. कोणी ‘घ्या’ म्हणत नाही, कोणी विचारत नाही. बोलता बोलता हात जातात; शेवटी राहिलेला चुरा ओल्या बोटाने टिपणे मात्र जवळच्या माणसांतच चालते. मी पहिल्यांदा पाकीट सरळ वरून उघडून हातात धरून खात होतो, तेव्हा कोणी काही बोलले नाही, पण शेजारच्याने ते माझ्या हातातून अलगद घेतले, फाडून पसरले आणि आपले बोलणे पुढे चालू ठेवले. मागच्या पिढीतल्या लोकांची आठवण थोडी वेगळी असते: आईबाप पबमध्ये, मुले बाहेर मोटारीत, आणि प्रत्येकाच्या हातात एक टेटो आणि लाल लेमोनेडची बाटली.

आणि सँडविच. पांढऱ्या, मऊ, कापलेल्या पावाच्या दोन चकत्या, त्यांवर कडेपर्यंत लावलेले लोणी, मध्ये चीज-कांदा टेटोचे पाकीट जवळपास पूर्ण रिकामे करायचे, वरची चकती ठेवायची आणि तळहाताने दाबायचे. दाबताना जो कर्रकन आवाज येतो तो या पदार्थाचा अर्धा भाग आहे. ऐकायला हा उपाशी विद्यार्थ्याचा उद्योग वाटतो, आणि बरेचदा असतोही, पण त्यामागचा हिशोब चुकीचा नाही. पाव मऊ, फिका आणि ओलसर. वेफर कोरडा, खारट आणि कडक. आणि लोण्याचा थर या दोघांच्या मध्ये उभा राहून पावातला ओलावा वेफरपर्यंत पटकन पोहोचू देत नाही. म्हणूनच हे सँडविच करून ठेवता येत नाही. दहा-पंधरा मिनिटांत वेफर मऊ पडतो आणि मग जे उरते त्याला काही अर्थ नाही. एर लिंगस या विमान कंपनीने २०१५ साली आपल्या खाद्ययादीत टेटो सँडविच आणले तेव्हा हे ओळखूनच पाव, लोणी आणि पाकीट वेगवेगळे दिले आणि जोडणी प्रवाशावर सोपवली. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये फक्त वेफर्सची सँडविचेस विकणारे एक दुकान काही काळ चालले आणि त्याला एवढी गर्दी झाली की माल संपला. सँडविचची ही कल्पना कोणत्याही जाहिरात कंपनीच्या बैठकीत निघालेली नाही. म्हणून टेटोच्या आयरिशपणाचा सर्वांत भक्कम पुरावा मी पाकिटावरच्या चित्रात न शोधता या सँडविचमध्ये शोधतो.

बेलफास्टचे नाव निघाले, म्हणून सीमेपलीकडे जाऊ. १९५६ साली उत्तर आयर्लंडच्या आर्मा परगण्यातल्या टँड्रगी गावात हचिन्सन कुटुंबाने वेफर्सचा कारखाना सुरू केला, तोही गावातल्या किल्ल्यात. टेटो हे नाव आणि कृती वापरण्याचा परवाना त्यांनी डब्लिनकडून घेतला. सीमेवर तेव्हा जकातनाकी होती, बाजार दोन होते, चलने आणि कायदे वेगळे होते, तेव्हा दक्षिणेचा माल उत्तरेत रेटण्यापेक्षा नाव देणे मर्फीला सोयीचे झाले असणार. शेजारच्या घरी विरजण द्यावे तशी ही कृती सीमेपलीकडे गेली आणि पुढे दोन्ही घरांचे दही वेगवेगळे लागू लागले. उत्तरेचे चीज-कांदा पिवळ्या पाकिटात मिळते आणि त्यावर किल्ला असतो. दक्षिणेच्या पाकिटावर लाल रंग आणि टोपीवाला बटाटा. उत्तरेची कंपनी अजून हचिन्सन कुटुंबाकडेच आहे, किल्ल्यातला कारखाना आजही चालू आहे, आणि २००६ साली तिने ब्रिटनमधला गोल्डन वंडर हा जुना ब्रँड विकत घेतला. म्हणजे गंमत अशी की ‘खरे आयरिश’ म्हणवणाऱ्या दक्षिणेच्या टेटोची मालकी जर्मनीत आणि युनायटेड किंग्डममधल्या टेटोची मालकी मात्र त्याच बेटावरच्या एका कुटुंबात.

आमच्या कार्यालयात आर्माकडचा एक सहकारी आहे. दक्षिणेचे टेटो त्याच्यासमोर ठेवले तर तो खातो, पण पाहुण्याच्या घरची भाजी खावी तितक्याच मर्यादेने. डब्लिनच्या मंडळींना पिवळे पाकीट दिसले की तीही तसाच चेहरा करतात. मी दोन्ही शेजारी ठेवून खाल्ली आहेत. माझ्या जिभेला उत्तरेच्या टेटोत कांदा पुढे येतो आणि दक्षिणेच्यात चीजचा गोडसर दुधाळपणा. फरक आहे, पण ज्या त्वेषाने तो सांगितला जातो तेवढा खचितच नाही. विशेष म्हणजे हा वाद उत्तर-दक्षिण असा होतो, कॅथलिक-प्रोटेस्टंट असा नाही. उत्तर आयर्लंडमध्ये शाळा, खेळ, वस्ती, वर्तमानपत्र यांवरून माणूस कोणत्या बाजूचा ते बहुधा ओळखता येते. पिवळे पाकीट मात्र दोन्ही बाजूंच्या दुकानांत असते आणि त्यावरून काहीही ओळखता येत नाही. तीस वर्षे हिंसा पाहिलेल्या समाजात अशा बिनबाजूच्या वस्तू फार थोड्या असतात.

दक्षिणेकडे मात्र टेटोचा आयरिशपणा एका टप्प्यावर जाणीवपूर्वक घडवला गेला, आणि तो भाग सांगितल्याशिवाय हे लिखाण प्रामाणिक होणार नाही. मर्फीने १९८३ साली कंपनीतला आपला उरलेला वाटा विकला आणि तो स्पेनमध्ये जाऊन राहिला. १९९९ साली कंपनी कॅन्ट्रेल अँड कॉक्रन या पेयांच्या कंपनीने विकत घेतली. २००१ साली स्पेनमधल्या मार्बेला इथे मर्फीचा मृत्यू झाला. २००५ साली कूलॉकचा कारखाना बंद करून उत्पादन मीथ परगण्यातल्या लार्गो फूड्सकडे सोपवण्यात आले. कूलॉकमध्ये काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ‘आमचे टेटो’ त्या दिवशी संपले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. पुढच्याच वर्षी लार्गोने ६ कोटी २३ लाख युरो मोजून ब्रँडच विकत घेतला. लार्गोचा मालक रे कॉइल हा मुळात बटाटे पिकवणारा शेतकरी. भाव कोसळून कर्जात बुडाल्यावर त्याने स्वतःचे शेत सोडत काढून तिकिटांवर विकले होते आणि मग वेफर्सच्या धंद्यात शिरला होता. अशा माणसाला लोकांचे लक्ष कसे वेधावे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

ब्रँड हाती आल्यावर वर्षभरातच, २००७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, पाकिटावरचा लाल कोटातला बटाटा, म्हणजे मिस्टर टेटो, उमेदवार असल्यासारखा रस्तोरस्तीच्या खांबांवर झळकला. २००९ साली त्याचे आत्मचरित्र निघाले. २०१० साली ॲशबर्नजवळ कारखान्याला लागूनच टेटो पार्क उघडले, ज्यात झोके-घसरगुंड्यांबरोबर कॉइलने पाळलेले अमेरिकन गवे होते आणि पुढे २०१५ साली आयरिश पुराणातल्या कू कुलन या वीराच्या नावाचा लाकडी रोलर कोस्टरही आला. ज्या काळात उत्पादन हलवले जात होते आणि जर्मन भांडवल आत येत होते, नेमक्या त्याच काळात पाकिटावरचा बटाटा कधी नव्हे इतका आयरिश झाला. मला यात फसवणूक दिसत नाही, पण योगायोगही दिसत नाही. जी वस्तू लोकांनी खाऊन खाऊन आपली केली होती, तिच्या त्या आपलेपणाचे भांडे कंपनीने अखेर आपल्या दुकानात मांडले, एवढेच.

त्या पार्कचे प्रायोजकत्व नंतर संपले आणि १ जानेवारी २०२३ पासून त्याचे अधिकृत नाव एमराल्ड पार्क झाले. फलक बदलले, तिकिटे बदलली, संकेतस्थळ बदलले. आमच्या कार्यालयात दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन जाण्याच्या बेतांत त्याचा उल्लेख होतो, आणि ‘टेटो पार्कला जातोय’ याखेरीज दुसरे वाक्य माझ्या कानावर अजून पडलेले नाही.